मागे घ्यायची ती फक्त गाडी

सारिकाला गाडी शिकवली ती तिच्या वडिलांनी, आणि तीही उलटीकडून. नथ्थूची काळीपिवळी जीप जळगाव-भुसावळ रस्त्यावर चालायची. घर मेहरूणला, तलावाच्या अलीकडच्या गल्लीत. दुपारी तो जेवायला आला की पोरीला घेऊन मोकळ्या मैदानात जायचा, आणि पहिले कित्येक दिवस त्याने तिला पुढचा गिअर टाकूच दिला नाही.

"पुढे काय, म्हैसपण जाते," तो म्हणायचा. "मागे घेता आली पाहिजे. मान वळव. नुसत्या आरशावर विसंबू नको. मागे काय आहे ते डोळ्याला दिसल्याशिवाय क्लच सोडायचा नाही."

जीप वाकडीतिकडी मागे सरकायची, मैदानातली कुत्री पळायची, तलावावर फिरायला आलेली माणसं थांबून हसायची. सारिका ओठ चावत मान वळवून बसायची. असं करता करता एक दिवस तिने ती जीप दोन बाभळींच्या मधून मागच्या मागे सरळ काढली, तेव्हा नथ्थूने गल्लीत पेढे वाटले. लोकांना वाटलं पोरीचं लग्न ठरलं.

लग्न ठरलं ते पुढे चार वर्षांनी. शिंदखेडा तालुक्यातलं गाव, नरडाण्यापासून जवळ. नवरा कुंदन नरडाण्याच्या एमआयडीसीत ठेकेदाराकडे कामाला, सासरे रुपचंद आबा शेतीत. एसटीने बायांना ड्रायव्हर म्हणून घ्यायला सुरुवात केली तेव्हा सारिकाने घरात विषय काढला. सासूबाई सुंदरबाई चुलीपुढे बसल्या होत्या. त्यांच्या हातातली भाकरी तव्यावर पडायची ती तशीच हवेत राहिली.

"बाईमाणूस अन् येस्टी?"

"एसटीला काय कळतंय चालवणारी बाई आहे की माणूस," सारिका म्हणाली. कुंदन हसला. आबा काही बोलले नाहीत, आणि आबा बोलले नाहीत म्हणजे परवानगी असा त्या घराचा रिवाज होता.

ट्रेनिंग झालं, परीक्षा झाल्या, आणि खाकी सलवार-कमीज घालून सारिका तालुक्याच्या डेपोत रुजू झाली. तिच्या गाडीवर बहुतेक वेळा कंडक्टर म्हणून पितांबर भाऊ असायचे. निवृत्तीला आलेला, मऊ बोलणारा माणूस. खेड्यापाड्याच्या फेऱ्या, खड्ड्यांचे रस्ते, गाडीत शाळेची पोरं, बाजाराच्या टोपल्या, कोंबड्या. सारिकाला हे सगळं आवडायचं.

पहिला बोभाटा झाला तो दुसऱ्या वर्षी, पोळ्याच्या सुमाराला. वरच्या बाजूला पाऊस झाला होता आणि वाटेतल्या नाल्याच्या फरशीपुलावरून गढूळ पाणी वाहत होतं. फार नव्हतं. पण फरशीची कड दिसत नव्हती. सारिकाने गाडी उभी केली.

"चला हो बाई, घोट्याएवढं पाणी," मागून आवाज आला.

"मना रोजना रस्ता शे हाऊ," दुसरा म्हणाला. "काही होत नही."

सारिका खाली उतरली, पाणी पाहिलं, पुन्हा वर चढली. पितांबर भाऊ गाडीमागे जाऊन शिट्टी वाजवू लागले, आणि तिने भरलेली एसटी त्या अरुंद रस्त्यावरून मागे घेत घेत फाट्यापर्यंत आणली. मग लांबच्या वळशाने गेली. गावात पोचायला अंधार पडला. उतरताना प्रत्येकाने काहीतरी ऐकवलं. वर आणखी असं झालं, की त्याच फरशीवरून थोड्या वेळाने एक ट्रॅक्टर गेला आणि त्याला काहीएक झालं नाही.

त्या दिवसापासून तिचं नाव पडलं रिव्हर्सबाई. स्टँडवर पोरं ओरडायची, "रिव्हर्सबाईची गाडी लागली का?" डेपोत चहाच्या टपरीवरही हसायचे. पितांबर भाऊंनी एकदा विचारलं, "राग येत नाही?"

"कशाचा? पुन्हा तसं पाणी आलं तर पुन्हा मागे घेईन."

आणि खरंच, पुढच्या पावसाळ्यात तिने तेच केलं.

मग तो पुलाचा दिवस आला. बाजाराचा दिवस होता, कापूस वेचणीचे दिवस. नदीवरचा पूल इंग्रजांच्या काळातला. एका वेळी एकच मोठी गाडी जाईल एवढाच. तिथली रीत साधी: जो आधी चढला त्याला जाऊ द्यायचं. सारिकाची गाडी पुलाच्या मध्याच्या पुढे आली असताना समोरून पांढऱ्या गाड्या आत घुसल्या. एकामागे एक तीन. पहिलीने हॉर्न दाबला तो सोडलाच नाही.

त्या गाड्या बन्सीलाल अण्णाच्या होत्या. रस्त्यांचे ठेके, खडीचे क्रशर, सोसायटीचं चेअरमनपद, सगळं त्याच्याकडे. पंचक्रोशीत त्याची गाडी दिसली की लोक मोटारसायकली शेतात घालायचे. तो स्वतः खाली उतरला आणि बोट हलवून म्हणाला, "मागं घे."

सारिकाने आरशात पाहिलं, मग खिडकीतून मान बाहेर काढून पाहिलं. तिच्या मागे कापसाने फुगलेला ट्रॅक्टर पुलावर चढला होता, त्याच्यामागे मोटारसायकली, बैलगाडी. अण्णाच्या गाड्यांमागे मोकळा रस्ता.

"अण्णा, माझ्या मागे जागा नाही. तुमच्या मागे आहे. तुम्ही घ्या."

अण्णाच्या माणसांपैकी एकजण हसला. "अण्णा, हीच ती रिव्हर्सबाई. हिला तर मागे घ्यायची हौसच आहे."

"मग घे की," अण्णा म्हणाला. "का आमच्यासाठीच नाही?"

सारिकाने इंजिन बंद केलं. किल्ली काढून कमीजच्या खिशात टाकली आणि हात मांडीवर ठेवून बसली. गाडीत कुजबुज सुरू झाली. कोणी म्हणालं, घ्या हो बाई, बाजार उठेल. कोणी म्हणालं, मोठ्या माणसाशी कशाला. पितांबर भाऊ केबिनजवळ येऊन हळूच म्हणाले, "सारिका, ट्रॅक्टरवाल्याला सांगू का सरकायला? होईल कसंतरी."

"भाऊ, कसंतरी झालं आणि कठड्यावर गेली तर ही माणसं कोणाच्या नावावर?"

तेवढ्यात केबिनचं दार उघडलं गेलं. अण्णा पायरीवर चढला आणि त्याने तिला दंडाला धरून ओढलं. तिने स्टिअरिंग गच्च पकडलं, सोडलं नाही, तेव्हा त्याने तिच्या तोंडात मारली. आवाज मागच्या सीटपर्यंत गेला. सारिकाच्या ओठातून रक्त आलं. तिने ते ओढणीने पुसलं आणि पुन्हा स्टिअरिंग धरलं. ती एवढंच म्हणाली, "आता तर नाहीच घेत."

यानंतर जे झालं ते सारिकाच्या मनात नव्हतं. गाडीत दुसऱ्या सीटवर मोहनबाई बसल्या होत्या, गावातल्या लखीचंद कापडवाल्यांच्या घरच्या. धुळ्याला नातीकडे निघालेल्या. सत्तरीच्या, गुडघे दुखणाऱ्या, साध्या बाजाराला जायचं तरी डोक्यावरचा पदर न ढळू देणाऱ्या. त्या उठल्या, दांडा धरत खाली उतरल्या आणि पहिल्या पांढऱ्या गाडीच्या पुढ्यात जाऊन उभ्या राहिल्या.

"बन्सी, तुझ्या आईच्या लुगड्यांची खरेदी आमच्याच दुकानात व्हायची," त्या म्हणाल्या. "ती असती तर आज तुझ्या कानाखाली वाजवली असती. घे गाडी मागे."

मग टोपल्या घेऊन निघालेल्या बाया उतरल्या. मग माणसं. मागचा ट्रॅक्टरवालाही खाली उतरला. कोणी मोबाइल काढला. अण्णा गाडीत बसला तो काचा वर करूनच. तीन गाड्या मागे जायला लागल्या. त्यातल्या शेवटच्या गाडीच्या ड्रायव्हरला मागे घेता येत नव्हतं. त्याने दोनदा कठड्याला घासली. बाया टाळ्या पिटून हसत होत्या.

सारिकाने गाडी स्टँडवर नेली नाही. प्रवाशांना विचारून ती थेट पोलीस ठाण्यात नेली आणि तक्रार दिली: कामावर असताना मारहाण.

पुलावर हुकूम सोडणारा एकच होता: मागं घे. त्यानंतर सगळेच म्हणू लागले.

सोसायटीचे सचिव म्हणाले, "ताई, मागे घ्या, अण्णा भला माणूस आहे, रागाच्या भरात झालं." डेपोतले सहकारी म्हणाले, "घे ना बाई मागे, आपल्याला रोज त्याच रस्त्याने जायचंय." गावभर हीच चर्चा आहे असं सांगत चुलतसासरे म्हणाले, "बठ्ठा गाव बोली राहिना. मांगे ले." इतकी वर्षं सारिकाच्या लेखी ते शब्द गाडीचे होते. आता लोक ते तिच्यासाठीच वापरत होते, जणू तिलाच गिअरमध्ये टाकून ढकलायचं होतं.

आठवडा झाला नाही तोच कुंदनला ठेकेदाराने सांगितलं, उद्यापासून येऊ नको. ठेकेदार अण्णाचा साडू. कुंदन घरी आला, डबा ओट्यावर आपटला.

"झालं समाधान? माझं काम गेलं."

"काम त्याने घेतलं. माझ्यावर का ओरडता?"

"तू तक्रार मागे घेतली तर परत मिळेल. तसा निरोप आहे."

"आणि पुढच्या वेळी मारलं तर?"

"पुढच्या वेळचं पुढच्या वेळी बघू!"

कुंदन वाईट माणूस नव्हता. तिच्या पहिल्या पगाराच्या दिवशी त्याने तिला डबलसीट बसवून धुळ्याला नेऊन जेवू घातलं होतं. काम गेलं त्या दिवसापासून मात्र तो तिच्याशी कामापुरतं बोलू लागला, आणि ओठाच्या जखमेपेक्षा तिला ते जास्त लागलं.

मग मेहरूणहून नथ्थू आला. त्याला पाहून सारिकाला वाटलं, आता आपल्या बाजूचं एक माणूस तरी आलं. नथ्थू पाणी प्यायला, त्याने टोपी गुडघ्यावर ठेवली, आणि जमिनीकडे पाहत म्हणाला, "बेटा, मी ऐकलं ते अण्णाचं. मोठी माणसं आहेत. मागे घे."

सारिकाला आधी नीट ऐकू आलं नसावं असं वाटलं.

"बाबा, तुम्हीसुद्धा?"

"मागे घेणं काही कमीपणा नाही. मीच तर शिकवलं ना तुला?"

"तुम्ही शिकवलं मागे बघून घ्यायला," सारिका म्हणाली. तिचा आवाज चढला होता, बाहेर ओट्यावर आबांनाही ऐकू जात होता. "घाबरून घ्यायला नाही शिकवलं. गाडी मागे घेतली की पुन्हा पुढे नेता येते, म्हणून घ्यायची. हे मागे घेतलं की पुढे काही उरतच नाही. उद्या त्या पुलावर दुसरी बाई असेल, तिला तर तो खाली ओढूनच काढेल. मी मान वळवून बघितलंय बाबा. मागे जागा नाही."

नथ्थूने टोपी पुन्हा डोक्यावर चढवली. जेवला नाही. जाताना लेकीच्या डोक्यावर हात ठेवला, पण 'बरोबर आहे' असं म्हणाला नाही. सारिकाने त्याला स्टँडपर्यंत सोडलं आणि परत येताना रस्त्यात रडून घेतलं.

शेवटी अण्णाकडून जीवराम आला. जीवराम हा तालुक्यातली भांडणं मिटवणारा माणूस, गोड बोलणारा. आबांच्या ओट्यावर चहा झाला.

"पोरी, आता खरं सांगतो," जीवराम म्हणाला. "वकिलाला विचारलं. सरकारी नोकराला मारल्याचा गुन्हा आहे, खटला सरकारचा. तू म्हटलं तरी तो मागे घेता येत नाही."

"मग सगळे मला काय मागे घ्यायला सांगतायत?"

"काही नाही. तू फक्त कोर्टात म्हणायचं, नीट आठवत नाही. गर्दी होती, कोणाचा हात लागला कळलं नाही. एवढंच. कुंदन सोमवारी कामावर."

"म्हणजे खोटं बोल," सारिका म्हणाली. "सरळ तसं म्हणा ना काका. 'मागे घे' म्हटलं की कसं सभ्य वाटतं. याला मागे घेणं नाही म्हणत, याला फिरणं म्हणतात. मला नाही फिरायचं."

जीवरामने आबांकडे पाहिलं. आबांनी चहाची बशी खाली ठेवली. घरातल्या मोठ्या माणसाने सुनेला दटावावं, अशी ती वेळ होती. आबा म्हणाले, "तिनी सांगी दिधं. आते माले काय विचारस?"

खटला धुळ्याच्या कोर्टात उभा राहायला दोन वर्षं लागली. तेवढ्या काळात कुंदनला धुळ्याच्या एका कापूस जिनिंगमध्ये हंगामी काम मिळालं होतं, पितांबर भाऊ निवृत्त झाले होते, मोबाइलमध्ये चित्रण करणाऱ्याचा फोन हरवला होता. तसं त्याने सांगितलं. ट्रॅक्टरवाला म्हणाला, कापसाच्या गाठोड्यांमुळे पुढचं दिसलं नाही.

पितांबर भाऊ पिंजऱ्यात उभे राहिले तेव्हा सारिकाने त्यांच्याकडे डोळे लावले. ते तिच्याकडे बघेचनात. "माझं लक्ष तिकिटांकडे होतं," ते म्हणाले. "आवाज ऐकला. कोणी मारलं ते पाहिलं नाही." सरकारी वकिलांनी त्यांना फितूर जाहीर करायची विनंती केली. बाहेर व्हरांड्यात पितांबर भाऊ तिच्यासमोरून गेले. हात जोडावेत की नाही अशा संकोचात त्यांचे हात छातीपर्यंत येऊन थांबले. सारिका तोंड फिरवून उभी राहिली. त्यांच्या मुलाची नोकरी अण्णाच्या शाळेत होती हे तिला माहीत होतं. माहीत असूनही तिला माफ करता आलं नाही, आजही नाही.

तिची स्वतःची साक्ष काही फार झोकात झाली नाही. वार चुकला, मंगळवारऐवजी बुधवार म्हणाली. अण्णाच्या वकिलाने तेवढंच धरलं.

"वार आठवत नाही, पण मार आठवतो?"

"हो."

"तुम्हाला रिव्हर्सबाई म्हणतात ना? नाल्यावर पाणी दिसलं की मागे घेता. मग पुलावरच का घेतली नाही? अण्णांशी आधीचं काही वैर?"

"वैर नव्हतं."

"मग?"

सारिकाने मान वळवली. मागच्या बाकावर कुंदन बसला होता. जिनिंगची सुट्टी टाकून, तिला न सांगता आला होता.

"नाल्यावर लोकांचा जीव वाचवायला मागे घेतली," ती म्हणाली. "पुलावर लोकांचा जीव वाचवायला नाही घेतली. त्यात अण्णा कुठेच नव्हते. ते नंतर आले, पायरी चढून."

वकिलाने पुढचा प्रश्न विचारला, मग त्याच्या पुढचा. ती एकाही उत्तरात फिरली नाही.

मोहनबाईंची साक्ष तिच्यानंतर होती. त्यांचा नातू रोनक दुकान बघायचा. अण्णा मोठं गिऱ्हाईक, आजी तू पडू नको यात, असं त्याने घरी खूप समजावलं होतं. मोहनबाई त्याच्याच गाडीतून कोर्टात आल्या आणि त्यालाच हात धरून पायऱ्या चढवायला लावल्या. "मी पाहिलं," त्या म्हणाल्या. "याने मारलं." वकिलाने वयाचा, चष्म्याचा, नजरेचा विषय काढला. "नजर कापडाचा धागा ओळखते माझी," त्या म्हणाल्या, "हा तर एवढा माणूस आहे."

अण्णा दोषी ठरला. शिक्षा लागली ती फार मोठी नव्हती, आणि वरच्या कोर्टात जायचं म्हणून त्याला त्याच दिवशी जामीनही मिळाला. संध्याकाळी त्याच्या गावात फटाके वाजले, गळ्यात हार पडले. सारिकाच्या गावातून ते फटाके ऐकू येत होते. कुंदन म्हणाला, "जिंकलं कोण कळत नाही."

"निकालपत्रात लिहिलंय कोण ते," सारिका म्हणाली आणि दुसऱ्या दिवशीच्या ड्यूटीचे कपडे इस्त्री करायला घेतले.

कुंदन पुढे आला. मग त्याने तिच्या हातातली इस्त्री घेतली. "तू बस," म्हणाला. दोन वर्षांनी त्याने तिच्याशी मायेने काढलेले ते पहिले शब्द. सारिका बाजेवर बसली आणि तो कॉलर दाबताना बघत राहिली.

आता अपील लागलंय. परवा जीवराम पुन्हा आला होता. अण्णाचं वय झालंय, आता पुढे निवडणूक आहे, वरच्या कोर्टात तडजोडीचा अर्ज दिला तर शिक्षा कमी होऊ शकते, तू एक सही केली तर दोन्ही घरं सुखात राहतील. या वेळी त्याने ते दोन शब्द वापरले नाहीत. आपसात मिटवू, म्हणाला.

सारिका ड्यूटीवरून नुकतीच आली होती, टाचा सुजल्या होत्या. ती उत्तर द्यायच्या आत सुंदरबाई आतून बाहेर आल्या. त्या कधी पाहुण्यांपुढे बोलल्या नव्हत्या. पदराला हात पुसत त्या म्हणाल्या, "जीवराम भाऊ, चहा उकळी गया. प्या, अन् जा. इथे कोनी काही सही करनार नही."

चहा आला. जीवराम तो उभ्याउभ्याच प्यायला.